आधी मावा, मग कोयता : सत्तरीतल्या एका कुळागरातला पर्णगुच्छ

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादईला मिळणाऱ्या एका व्हाळाच्या काठावर हे कुळागर आहे. वर पोफळी आणि थोडे माड, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, मधूनमधून जायफळ, आणि पाटाच्या दोन्ही अंगांना केळी. हिशेबाच्या वहीत सुपारी पहिली येते, पण घरात हातखर्चाला पैसा येतो तो केळीचा. सुपारी वर्षाकाठी एकदा विकायची. घड मात्र दर आठवड्याला वाळपईला नाहीतर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जातात, आणि चतुर्थीआधी माटोळीसाठीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळांच्या मांडणीसाठीच्या, घडांना जो भाव मिळतो त्यावर घरातली बरीच देणीघेणी ठरतात. केळीची बेटं साडेचारशेच्या आसपास. निम्म्याहून जास्त सालदाटी, बाकी रसबाळी आणि थोडी वेलची.

मालकांना इथे अण्णा म्हणू. बाग प्रत्यक्षात पाहतात त्यांच्या सूनबाई. पाणी सोडणं, पिलं छाटणं, घडाला टेकू देणं हे सगळं त्यांच्याकडे. तक्रारही मुळात त्यांचीच होती: "पिलं येतात, पण वाढत नाहीत. पानं वर तोंड करून उभी राहतात."

या तक्रारीला दोन वर्षं झाली होती. अण्णांचं म्हणणं, जमीन दमली. शेजाऱ्यांचं म्हणणं, पोफळींची सावली वाढली. खतांच्या दुकानात सूक्ष्म अन्नद्रव्यांची पाकिटं मिळाली, ती दोनदा फवारून झाली. जमीन दमते, सावली वाढते आणि जस्ताची कमतरताही असते. तीनही कारणं खोटी नव्हेत. पण त्यातल्या कशानेही एका बेटाचा शेंडा आखडून शेजारचं बेट ठणठणीत राहत नाही. इथे नेमकं तेच दिसत होतं. पाटाच्या वरच्या अंगाला केळी उत्तम, खाली उतरू लागलं की मध्येच एखादं बेट गुडघ्याएवढं, पुढची तीन बरी, मग पुन्हा एक खुजं.

पान उन्हाकडे धरून

केळीच्या पर्णगुच्छ या विषाणूजन्य रोगाला बहुतेक लोक शेंड्यावरून ओळखतात: अरुंद, आखूड, ताठ पानांचा झुपका. तोवर फार उशीर झालेला असतो. खरी खूण त्याआधी पानाच्या पाठीवर येते, आणि ती पाहायला भिंग लागत नाही.

सूनबाईंना मी एका मध्यम वाढीच्या केळीचं सर्वांत वरचं उघडलेलं पान कापून आणायला सांगितलं. झाड लांबून चांगलंच दिसत होतं. देठावरची पांढरी भुकटी अंगठ्याने पुसली. खाली गर्द हिरव्या, जवळजवळ काळपट रेघा निघाल्या. त्या सलग नव्हत्या: एक तुटक रेघ, मग ठिपका, पुन्हा रेघ. मग पान उलटं करून उन्हाकडे धरलं. मधल्या दांड्यालगत, पानाच्या खालच्या भागात, बारीक शिरांवर तशीच ठिपके-रेघांची ओळ होती, आणि प्रत्येक शीर दांड्याला मिळते तिथे ती रेघ आकड्यासारखी वाकली होती. या आकड्यांवर माझा सर्वांत जास्त भरवसा. जस्त कमी पडलं तर नवी पानं अरुंद होतात, शिरांमध्ये फिकट पट्टे पडतात, पण गर्द हिरवे आकडे येत नाहीत. काकडीवर्गातून येणाऱ्या मोझॅक या विषाणूरोगात, ज्याला जळगावकडे हरण्या म्हणतात, पट्टे पिवळट असतात. केळीच्याच स्ट्रीक नावाच्या दुसऱ्या विषाणूचे पट्टे आधी पिवळे आणि मग तपकिरी-काळे पडतात. ब्रॅक्ट मोझॅक या आणखी एका विषाणूरोगात बुंध्यावर तांबूस, दोन्ही टोकांना निमुळते डाग दिसतात. यांतलं काहीच इथे नव्हतं.

सूनबाईंनी मग स्वतःच दुसरं पान आणलं आणि म्हणाल्या, "हे मी रोज बघते. देठ काळवंडलं म्हणजे पाणी जास्त झालं असं वाटायचं."

प्रयोगशाळेतली चाचणी कधी करावी यावर माझं मत स्पष्ट आहे. झुपका आणि आकडे दोन्ही दिसत असतील तर अहवालाची वाट पाहत बसू नये. अहवाल येईपर्यंत मावा थांबत नाही. चाचणी लागते ती दिसायला निरोगी असलेल्या आणि पिलांसाठी ठेवायच्या झाडांना. इथे खात्रीसाठी आजारी झाडांच्या कोवळ्या पानांच्या मधल्या दांड्याचे तुकडेही पीसीआर या विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीला गेले आणि अहवाल होकारार्थी आला, पण त्याआधीच काम सुरू झालं होतं.

रोगी पानांवरून आणखी एक गोष्ट वाचता येते, तिचा या प्रकरणात फार उपयोग झाला. रोगट पिलापासूनच वाढलेलं झाड पहिल्या पानापासून खुजं असतं, पानांच्या कडा पिवळट असतात, आणि ते कधीच निसवत नाही. माव्याने नंतर रोग दिलेल्या झाडाची खालची पानं मात्र मोठी, निरोगी असतात आणि बिघाड वरच्या पानांतच दिसतो. लागण झाल्यावर सरासरी साडेतीन-चार नवी पानं आली की खूण दिसते. उबदार हवेत केळीला आठ-दहा दिवसांनी एक पान येतं. म्हणजे आज वरची दोन पानं बिघडलेली असतील तर मावा साधारण दीड-दोन महिन्यांपूर्वी बसून गेला. पहिल्या पानापासूनचं बेट कोणतं आणि मागाहून बिघडलेलं कोणतं, हे सूनबाईंनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दोन रंगांनी मांडलं. मूळचे लाल ठिपके पाटाच्या मधल्या वळणावर एकत्र आले. निळे त्यांच्याभोवती दाटले होते. पण निळ्यांचा आणखी एक घोळका थेट खाली, व्हाळाकडच्या कोपऱ्यात होता आणि त्याच्या मध्ये लाल ठिपका एकही नव्हता. ते कोडं पुढे सुटलं.

मावा कसा वागतो

हा विषाणू केळीच्या अन्नवाहिन्यांत राहतो. त्याचा जनुकीय ऐवज सहा छोट्या वर्तुळाकार डीएनए तुकड्यांत विभागलेला आहे, आणि एकदा शिरला की गड्ड्यावाटे आज ना उद्या बेटातल्या सगळ्या पिलांत पोचतो. त्यावर औषध नाही. जे बाजारात "विषाणूनाशक" म्हणून मिळतं त्याच्यावर पैसे घालू नयेत.

तो पसरतो दोनच वाटांनी: रोगट पिलातून आणि केळीवरच्या काळसर तपकिरी माव्यातून, ज्याचं शास्त्रीय नाव पेंटालोनिया नायग्रोनर्व्होसा. कोयत्याने नाही, मातीतून नाही, पाण्यातून नाही. इथे गडी प्रत्येक झाडानंतर कोयता फिनेलमध्ये बुडवत होता. सवय चांगली, पण या रोगाला तिचा उपयोग नाही.

मावा आपण शोधतो तिथे नसतो. पानाच्या पाठीवर पाहून लोक म्हणतात, "मावा नाहीच." बुंध्याचं सुकलेलं बाहेरचं सोपट ओढून काढलं की आत, जमिनीच्या लगत, तिळाएवढे काळसर जीव दाटीवाटीने बसलेले दिसतात आणि त्यांच्यामधून मुंग्यांची ये-जा चाललेली असते. अण्णांनी पहिलं सोपट ओढलं तेव्हा त्यांना मुंग्याच आधी दिसल्या. मुंग्या माव्याच्या गोड स्रावावर जगतात आणि त्याला राखतात; म्हणून बुंध्याशी मुंग्यांची रांग दिसली की सोपट ओढून पाहावं. दुसरी जागा म्हणजे शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी सुरळी. या माव्याच्या माद्या नराविना जिवंत पिल्लांनाच जन्म देतात, त्यामुळे वस्ती झपाट्याने वाढते, आणि दाटी झाली की पंख फुटलेले मावे निघतात.

सगळं नियोजन ज्यावर उभं आहे ती गोष्ट अशी. पपईचा रिंगस्पॉट किंवा केळीचा मोझॅक यांचा विषाणू मावा क्षणभर टोचून उचलतो आणि थोड्याच वेळात गमावतो. तिथे फवारणीचा फारसा उपयोग होत नाही, औषध लागेपर्यंत मावा आपलं काम करून गेलेला असतो. पर्णगुच्छाचा विषाणू उचलायला मात्र त्याला रोगी झाडावर निदान चार तास रस शोषावा लागतो. द्यायला पाव तास पुरतो, आणि एकदा उचलला की तो पंधरा-वीस दिवस, म्हणजे जवळपास जन्मभर, विषाणू बाळगतो. म्हणजे धोका उडत्या पाहुण्यापेक्षा वस्ती करून बसलेल्याचा जास्त. वस्ती जागेवर मारता येते. न मारता तिच्याखालचं घर कापलं तर ती उठून शेजारी जाते.

आधीच्या वर्षी मे महिन्यात अण्णांच्या गड्याने नेमकं हेच केलं होतं. खुजी दिसणारी वीसेक बेटं सपासप कापली, गड्डे खणले आणि सगळा माल व्हाळात ढकलला. कापलेलं झाड सुकू लागलं तसा मावा उठला आणि सभोवार पांगला. नकाशावरच्या मधल्या निळ्या कड्याचा उगम तो.

पिल आलं कुठून

ऑस्ट्रेलियात हा रोग 1913 मध्ये पोचला आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडच्या सीमाभागातली केळीबागायत जवळजवळ संपली. चार्ल्स मॅगी या संशोधकाने रोग मावा आणि पिलं पसरवतात हे दाखवून दिलं; त्याचा अहवाल 1927 चा. तिथल्या लोकांनी उपाय केला तो औषधाचा नव्हे, शिस्तीचा: पिलांच्या ने-आणीवर बंधन, नियमित पाहणी, रोगी बेटाचा नायनाट. आपल्याकडे रोग 1940 च्या सुमारास केरळात दिसला. पुढे तमिळनाडूच्या पळणी डोंगरातल्या प्रसिद्ध विरूपाक्षी केळीची त्याने वाताहत केली. 1914 च्या विध्वंसक कीड व रोग कायद्याखाली काही राज्यांतून केळीची पिलं बाहेर नेण्यावर बंदीही आली. पण जीपच्या मागच्या बाजूला सुपलीत घालून नेलेलं पिल कोण तपासतो?

गोव्यात तर पिलाला पैसे घेत नाहीत. लेकीच्या सासरी जाताना चार पिलं, येताना चार पिलं. अण्णांच्या मधल्या वळणावरची लाल बेटं तीन वर्षांपूर्वी व्याह्यांच्या बागेतून आलेली निघाली. आणि मग प्रश्न उलटा फिरला: अण्णांनी त्यानंतर कोणाकोणाला दिली? तीन घरं आठवली.

माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रकरणातलं सर्वांत अवघड काम हे होतं. खणणं त्यामानाने सोपं. अण्णा म्हणाले, "व्याह्यांना कुठल्या तोंडाने सांगू? तुमच्या केळीला रोग आहे म्हणून?" फोन शेवटी सूनबाईंनी केला आणि सुरुवात आपल्याकडून केली: आमच्या केळीला रोग निघालाय, तुमच्याकडे आमच्यासारखंच दिसतंय का बघा, देठ असं पुसून बघा. व्याही दुखावले नाहीत. उलट त्यांनी पानाचा फोटो पाठवला. आकडे स्पष्ट होते.

खणणं

श्रावणातल्या उघडिपीचे दिवस धरून काम केलं. क्रम ठरवला आणि तो मोडायचा नाही असं गड्याला बजावलं. पहिल्या दिवशी फक्त तेल: नीमतेल साबणाच्या पाण्यात घोटून, पाठीवरच्या पंपाने शेंड्याच्या सुरळीत आणि प्रत्येक सोपटाच्या आत, बुंधा निथळेपर्यंत. पिलांनाही. जुन्या काळी ऑस्ट्रेलियात यासाठी शेंड्यात रॉकेल ओतत. दुसऱ्या दिवशी सोपट ओढून पाहायचं. जिवंत मावा दिसला तर पुन्हा तेल आणि कोयता घरीच. मावा मेला की मगच तोडायचं.

गड्डा सगळ्या पिलांसकट काढून बारीक चिरला. पावसात सुकवण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून ढीग व्हाळापासून दूर, ताडपत्रीखाली कुजवला. पोफळींच्या मुळांत अडकलेले गड्डे खणले असते तर पोफळी दुखावल्या असत्या. अशा ठिकाणी इतरत्र 2,4-डी हे तणनाशक बुंध्यात टोचतात. मिरवेल हात लांबवला की लागेल इतकी जवळ आणि खालून पाट वाहतो, तिथे ते वापरणं मला पटत नाही. पहारीने गड्ड्याचा डोळा कोरून काढला आणि फुटवा आला की पुन्हा कोरला. वेळखाऊ, पण झालं.

खरा वाद चतुर्थीच्या घडांवरून झाला. पाच बेटांत आईला भरत आलेला घड होता आणि रेघा फक्त पिलांत दिसत होत्या. अण्णांनी आधी विचारलं, "हा घड खाल्ला तर माणसाला काही?" काही नाही. हा विषाणू केळीच्या कुळापुरता आहे, आणि फळातून रोग दुसऱ्या बागेतही जात नाही. मग ते म्हणाले, "तर हे पाच राहतील." पुस्तक म्हणतं, बेट म्हणजे एकच झाड, एक रोगी तर सगळं रोगी. पुस्तक बरोबर आहे. तरी मी पाच राहू दिली: पिलं काढून, आईला दर आठवड्याला तेल, घड उतरला की त्याच दिवशी गड्डा बाहेर. अडून बसलो असतो तर उरलेल्या साठेक बेटांचं काम तिथेच थांबलं असतं. घड माटोळीला गेले. कार्तिकात त्या पाचांच्या जवळच्या दोन केळींवर रेघा आल्या. तेवढी किंमत मोजावी लागली, आणि मला ती अजूनही जास्त वाटत नाही.

पाहणीचा फेरा किती दिवसांनी, यावर अण्णांनीच तोडगा काढला: दर एकादशीला. पंधरवड्याला एक-दोन नवी पानं, म्हणजे बिघडलेलं दुसरं पान उघडायच्या आत झाड सापडतं. सूनबाई तेलाचा छोटा पंप बरोबरच घेऊन निघतात.

व्हाळाकडचा कोपरा

मधला भाग दिवाळीनंतर शांत झाला. खालच्या कोपऱ्यात मात्र प्रत्येक एकादशीला एखाद-दुसरं नवं झाड निघत होतं. ऑस्ट्रेलियातल्या बागांत मोजलेले आकडे इथे कामी आले: नव्या लागणींपैकी सुमारे दोन-तृतीयांश सर्वांत जवळच्या रोगी झाडापासून 20 मीटरच्या आत असतात आणि 99 टक्के 86 मीटरच्या आत. कोपऱ्यापासून तेवढं अंतर बागेच्या आत पाहून झालं होतं. राहिलं होतं ते गडग्यापलीकडचं.

व्हाळाच्या वळणावर, तेरं आणि अळवाच्या दाटीत, तीन-चार केळी सापडल्या. कोणी लावलेल्या नव्हत्या. मे महिन्यात ढकललेले गड्डे पहिल्या पुराने वाहून तिथे अडकले आणि रुजले होते. झुपका इतका घट्ट की शेंड्याची पानं बोटाएवढी, आणि सोपटाखाली मावा काळाकुट्ट. व्हाळापलीकडे एका परसात आणखी एक बेट तसंच.

वळणावरच्या केळी कोणाच्याच नव्हत्या, म्हणून लगेच निघाल्या. अर्थात आधी तेल. परसातल्या बेटाच्या मालकीण एक आजी. त्यांना घड नकोच होता, नैवेद्याला पान हवं होतं, आणि पान येतंय ना, मग झाड का तोडायचं, हा त्यांचा सवाल बिनतोड होता. सूनबाईंनी बदली रसबाळीची दोन पिलं देऊ केली. आजींनी होकार दिला आणि अट घातली की आधी नवं लावायचं, मग जुनं काढायचं. ते चालणार नव्हतं, जुन्यावरचा मावा नव्यावर गेला असता. शेवटी जुनं निघालं, आणि नवं येईपर्यंत अण्णांकडून रोज पान पोचवायचं ठरलं. ते पोचतं.

आता पिलं आणायची कुठून? माती रोग धरत नाही, म्हणून जागा पडीक ठेवायची गरज नव्हती. ऊतिसंवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची 2006 पासून प्रमाणन व्यवस्था आहे, तीत विषाणूंची तपासणी होते; तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रातही ही तपासणी चालते. असं रोप घ्यायचं तर प्रमाणपत्राचं लेबल पाहूनच. मात्र ते रोप रोगमुक्त असतं, रोगप्रतिकारक नव्हे. शेजारी रोगी बेट असेल तर तेही जातं. आणि बाजारात मिळतं ते बहुतेक ग्रँड नैन या जातीचं. माटोळीला अण्णा ते टांगणार नाहीत. म्हणून बागेच्या अगदी वरच्या टोकाची सालदाटीची आणि रसबाळीची निवडक बेटं बाजूला काढली, त्यांची चाचणी केली, मधल्या काळात कित्येक पानं पाहिली, आणि पुढची सगळी पिलं फक्त तिथून. आजींचीही तिथलीच.

दिलेल्या तीन घरांपैकी दोघांनी बेटं काढली. तिसऱ्यांचं म्हणणं, आमची केळी पहिल्यापासून अशीच. त्यांची बाग डोंगराच्या पलीकडे आहे, मावा तिथून चालत येणार नाही. पिल मात्र येऊ शकतं. म्हणून वहीत आता सुपारीच्या पानामागे आणखी एक पान आहे, कोणाकडून काय आलं आणि कोणाला काय गेलं याचं. केळीचं पिल मागायला कोणी आलं तर अण्णा सध्या जायफळाचं रोप देतात.